बारावी काच

काच पुसण्यात माझा हात धरणारं आमच्या धंद्यात कोणी नाही. हे माझं मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगायला बसलेलं नाही. फोटो काढणाऱ्याचं नाव पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत छापतात. काच पुसणारीचं नाव छापायची बुद्धी कोणाला झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आमच्याकडे फोटो काचेवर निघतो. स्वच्छ काचेवर चिकट द्रावण ओतायचं, काच चारी कोपऱ्यांकडे झुकवून ते सारखं पसरवायचं, मग चांदीच्या पाण्यात बुडवून ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. वाळली की संपलं. आणि काच नीट पुसलेली नसली, तर तिच्यावरचं जुनं चित्र नव्या चित्रातून हळूच वर येतं. एका नवरदेवाच्या कपाळावर दुसऱ्याच कोणाची तरी मिशी उगवलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. त्या घरातलं माणूस पुन्हा आमच्याकडे फिरकलं नाही.

काचा लांबून यायच्या, वाटेत निम्म्या फुटायच्या. म्हणून बिघडलेली चित्रं पुसून त्याच काचा पुन्हा वापरायची पद्धत होती. स्टुडिओच्या मागच्या खोलीत त्यासाठी एक फळी होती. चांगल्या काचांना रोगण लावून त्या पेटीत जायच्या आणि बिघडलेल्या, बिनरोगणाच्या, या फळीवर. रोगण नसलेलं चित्र म्हणजे दुधावरची साय. फडकं फिरलं की गेलं.

पूर्वी हे पुसणं आमचे हेच करायचे. ज्या लेण्यांच्या कामाची ही गोष्ट, त्याच्या आठ वर्षं आधी एके दिवशी त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “इथून पुढे तू पूस.” कारण नाही, काही नाही. मला वाटलं, नाव झालंय, आता साहेबांना हात काळे करून घ्यायचे नसतील. चांदीच्या पाण्याने बोटं काळी पडतात आणि महिनाभर तशीच राहतात. मीही काही विचारलं नाही. त्या वर्षी आमच्या घरात विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्या वर्षी आमची मुलगी गेली. पाच वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी कधी ठरायचीच नाही. फोटोवाल्याची मुलगी, पण तिचा एकसुद्धा फोटो नव्हता. फोटोसाठी वीस आकडे होईपर्यंत हलायचं नसतं, आणि भिंगरी तीन आकड्यांत खुर्चीवरून पसार व्हायची. शेवटी आम्ही लहान मुलांसाठी करायचो तेच केलं. मी खुर्चीमागे काळी चादर पांघरून बसले, चादरीतून एक हात बाहेर काढला आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला. आत मी घामाघूम, आणि वर ही बाई गाल फुगवून, श्वास रोखून बसलेली. वीसही आकडे बसली. मग एकविसाव्याला जो काही धिंगाणा घातला तो विचारू नका.

नेमका त्याच वेळी ढग आला. काच धुऊन झाल्यावर हे म्हणाले, “हलकी आली गं, पुसट. कागदावर उतरायची नाही. पुन्हा काढू.” आणि काच फळीवर ठेवली. दोन महिन्यांनी ताप आला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. ते पुन्हा राहिलंच.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मी फळीवरून ती काच उचलली, दोन जाड पुठ्ठ्यांत घालून माझ्या कपड्यांच्या तळाशी ठेवली. यांना सांगितलं नाही. सांगणार होते. पण त्यानंतर काही दिवसांतच असं झालं की भिंगरीचं नाव काढलं की हे उठून दुसऱ्या खोलीत जायचे. एकदा नाही, दरवेळी. ज्या माणसाला मुलीचं नाव सहन होत नाही त्याला तिचं चित्र कशाला दाखवायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. माझा स्वभाव असा आहे. एकदा ठरवलं की मी स्वतःचंसुद्धा ऐकत नाही.

घरात कोणी नसलं की मी ती काच खिडकीच्या उजेडासमोर धरून बघायची. काचेवरचं चित्र उलटं असतं. काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. चेहऱ्याच्या जागी काळोख, केस पांढरेफटक. माझी पाच वर्षांची मुलगी आठ वर्षं मला म्हातारी होऊन दिसत होती. चित्रात मीही होते म्हणा, म्हणजे खुर्चीमागचा एक ढिगारा, आणि खालच्या कोपऱ्यात तिचा हात धरलेली चार बोटं.

हे सगळं सांगितलं नाही, तर लेण्यांत जे झालं ते कळायचं नाही.

सरकारी कचेरीने यांना बारा लेण्यांची बारा चित्रं काढायला सांगितली होती. डोंगर पोखरून केलेली देवळं, आत खांब, आणि भिंतींवर माणसाच्या दुप्पट उंचीचे देव. बारा चित्रं चांगली आली तर पुढच्या सगळ्या लेण्यांचं काम यांच्याकडे कायम येणार होतं. बसलेल्या माणसांचे फोटो काढून यांचा जीव विटला होता. “तू आली नाहीस तर काचा कोण पुसणार?” हे म्हणाले. आग्रह करायची यांची ही पद्धत. मी निघाले, आणि कपड्यांच्या गाठोड्यात ती काचही घेतली. घरी ठेवायची सोय नव्हती. आमच्या जाऊबाई घर आवरायला निघाल्या की उंबरठासुद्धा जागेवर राहील याची खात्री नसते.

सामान वाहायला आणि चित्रात उभं राहायला खालच्या गावातला एक माणूस मिळाला. खाणीत दगड फोडायचा. खांब किती उंच ते कळावं म्हणून चित्रात खांबाशेजारी एक माणूस उभा करायचा अशी कचेरीची ताकीद होती, म्हणून मोजायच्या गजावरून याचं नाव आम्ही गज ठेवलं. गजाला त्याचा केवढा अभिमान! चित्र काढायच्या दिवशी तो दाढी करून यायचा. इतक्या लांबून तोंड दिसणार नाही म्हटलं, तर म्हणाला, “बाई, देवाच्या शेजारी उभं राहायचं म्हणजे तोंड धुतलेलं बरं.”

अकरा लेण्यांची अकरा चित्रं मनासारखी आली. बारावं लेणं सगळ्यांत वर, सगळ्यांत खोल. त्याच्या आतल्या भिंतीवर शंकर-पार्वतीचं लग्न कोरलेलं होतं. वर्षातून चारच सकाळी सूर्य तिथल्या दारातून सरळ आत येत असे, तोही अर्धा-पाऊण तास. दाराशी आरसा धरून ते ऊन भिंतीवर टाकायचं आणि तेवढ्यात काम उरकायचं, असा बेत होता. गजाने आरसा धरला आणि पार्वती पहिल्यांदा उजेडात आली. मान थोडी खाली, एका पायावर भार, उजवा हात शंकराच्या हातात. लाजलेली नव्हती ती. मनाशी काहीतरी पक्कं करून उभी होती.

“वरून खाली खोदत आलेत,” गज म्हणाला. “आधी कळस, मग पाय. एक घाव जास्त बसला की गेलं. दगड परत चिकटवता येत नाही.”

हे पार्वतीच्या अगदी जवळ गेले. मग म्हणाले, “मी याच्यासाठीच आलोय.” आणि मग त्या पार्वतीबद्दल इतकं बोलले, तिच्या बोटांबद्दल, तिच्या मानेबद्दल, की मला राग आला. दगडाच्या बाईसाठी यांच्याकडे शब्द होते.

पहिल्या दिवशी ढगांनी घात केला. दुसऱ्या दिवशी काच कॅमेऱ्यातच वाळली. तिसऱ्या दिवशी उरलेल्या आणि बिघडलेल्या सगळ्या काचांची पेटी घेऊन गज दगडी पायऱ्या चढत होता, तेव्हा त्याचा पाय घसरला. पेटी खालपर्यंत आपटत गेली. आम्ही धावत जाऊन उघडली तर आत नुसता चुरा. गज पायरीवर बसून लहान मुलासारखा रडायला लागला. मला वाटलं, आता हे त्याच्यावर कडाडणार. पण हे म्हणाले, “तुला कुठे लागलं का?” आणि वर जाऊन लेण्यात भिंतीकडे तोंड करून बसले. नवी काच मिळायला जाऊन-येऊन चार दिवस. ऊन उरलं होतं एका सकाळचं.

चौथ्या दिवशी सकाळी काच नसतानाही यांनी कॅमेरा लावला. डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या धुरकट काचेत, आहे त्या अंधुक उजेडात, ती पार्वती बघत बसले. बाहेर यायचं नावच नाही. गज दाराशी आरसा धरून उन्हाची वाट बघत उभा. मी थोडा वेळ बघितलं आणि मग मला राहवलं नाही. गाठोड्यातून काच काढली.

खरं सांगते, त्यात दया कमी होती आणि राग जास्त. ती काच यांच्या हातात द्यायची आणि बघायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. फोटोवाला काच हातात आली की आधी उजेडाकडे धरतो, त्याशिवाय त्याला चैन पडत नाही. हे बघतील, ओळखतील, आणि मग काय करतात ते मला बघायचं होतं. दगडाची बाई की आपली मुलगी. आठ वर्षांचा हिशेब मला एकदाचा मिटवून टाकायचा होता.

“एक काच आहे,” मी म्हणाले. “जुनी आहे. पुसावी लागेल.”

कापड झटकन बाजूला झालं. यांचा चेहरा असा उजळला की क्षणभर काच परत ठेवावीशी वाटली. पण मी पुठ्ठे बाजूला केले आणि काच पुढे धरली.

“देवासारखी धावलीस बघ,” हे म्हणाले. “पूस ना पटकन.”

“मी नाही पुसणार. तुम्ही पुसा.”

“अगं, ऊन येईल आता. तुझा हात चांगला आहे.”

“तुमच्या हाताला काय झालंय?”

हे कॅमेऱ्यामागून बाहेर आले. मग काच घेतली, दगडावर ठेवली, फडक्यावर काच घासायची भुकटी घेतली. आणि मला कधी वाटलं नव्हतं ते केलं. काचेकडे बघितलंच नाही. कडू औषध घेणाऱ्या माणसासारखी मान पार भिंतीकडे वळवली, डोळे मिटले आणि खालच्या कोपऱ्यावर फडकं दाबलं.

“थांबा!” मी ओरडले. लेण्याने ते तीनदा परत ओरडून दाखवलं.

फडकं थांबलं. पण कोपरा गेला होता. माझी चार बोटं होती तिथे आता नुसती स्वच्छ काच.

“बघा तरी कोणाची आहे,” मी म्हणाले.

“पुसायच्या काचेकडे मी बघत नाही.” डोळे अजून मिटलेलेच.

“का?”

यांनी फडकं खाली टाकलं.

“का, ते सांगा. नाहीतर बघा.”

यांनी डोळे उघडले, काच उचलली आणि सवयीने दाराच्या उजेडाकडे धरली. मग आहे तिथेच खाली बसले, काच दोन्ही हातांत तशीच.

“ही मी पुसली होती,” हे म्हणाले.

“कधी?”

“त्याच वर्षी. ते मोठं लग्न होतं बघ, दिवसभर माणसं येत होती. काचा संपल्या. मी फळीवरच्या सगळ्या घेतल्या आणि न बघता पुसत सुटलो. संध्याकाळी आठवलं की तिचीही त्यातच होती. फळी शोधली, पेट्या शोधल्या. नव्हती.” यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. “माझ्या हाताने पुसली मी तिला. असंच समजत होतो आजपर्यंत.”

“ती मी उचलली होती,” मी म्हणाले. “त्या लग्नाच्या आधीच.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही का नाही सांगितलंत?”

“कोणत्या तोंडाने सांगणार होतो?” हे म्हणाले. “तू तिचं नाव घेतलंस की वाटायचं, आता फोटोचं विचारशील.”

मला माझीच लाज वाटली. आठ वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात दगड म्हणत होते. तो दुसऱ्या खोलीत जाऊन काय करत होता, हे बघायला एकदाही मी त्या दारापर्यंत गेले नाही. एक वाक्य बोलले असते तर आठ वर्षं वाचली असती. त्यांचीही आणि माझीही. मी यांच्याशेजारी जमिनीवर बसले आणि रडले. भिंगरी गेली तेव्हा दोघं वेगवेगळ्या खोल्यांत रडलो होतो.

तेवढ्यात सूर्य दारात आला. आमचं लक्षच नव्हतं. गज बिचारा आपलं काम सोडेना, त्याने आरसा फिरवला आणि ऊन आत आमच्यावर आलं.

“बाई,” तो दारातून म्हणाला, “ही पोरगी कोण? गाल कसे फुगवलेत बघा.”

मी त्याच्याकडे बघितलं. “तुला कसे दिसले गाल?”

“दिसतायत की इथून. चांगली गुटगुटीत आहे. केस विंचरलेले नाहीत तेवढे.”

यांनी काचेकडे बघितलं, मग गजाकडे, आणि एकदम उठले. मला हाताला धरून दाराशी, गजाच्या बाजूला घेऊन आले. पाठ उजेडाकडे केली. हात लांब करून काच समोर धरली, आतल्या अंधाराच्या दिशेने. वरून आरशाचं ऊन काचेवर पडलं.

भिंगरी होती. केस काळे, चेहरा चेहऱ्यासारखा, भुवया उंच चढलेल्या. गाल फुगवून, श्वास रोखून आमच्याकडे बघत होती. अगदी एकविसावा आकडा व्हायची वाट बघत असल्यासारखी.

“हलकी होती म्हणून,” हे पुटपुटले. “मागे काळोख असला की हलकी काच सुलट दिसते. दाट काच नाही दिसत अशी. मला ठाऊक होतं हे. शिकतानाच सांगतात.” पण ठाऊक असून काय उपयोग? आम्ही दोघं जन्मभर काच उजेडाकडे धरणारी माणसं. काळोखाकडे धरून बघायचं कोणाच्या मनात येणार? गजाला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून त्याला दिसली.

मी डोळे पुसले. मागे भिंतीवर पार्वती अंधारात उभी होती. तिच्या वाटणीचं ऊन आम्ही अडवलं होतं. यांच्या मनातली गोष्ट, कायमचं काम, सगळं त्या भिंतीवर होतं. या वेळी माझ्या मनात राग नव्हता, तरी मी म्हणाले, “अजून वेळ आहे. मी बघितलं तिला. आता पुसा तुम्ही.” आणि ते मी मनापासून म्हणत होते, हे यांना कळलं.

यांनी नाही अशी मान हलवली. माझ्याकडे नाही, गजाकडे बघून म्हणाले, “आरसा हलवू नकोस रे.”

गजाने हलवला नाही. ऊन दारातून जाईपर्यंत आम्ही तिघं तिथे उभे होतो. मधूनच यांनी “भिंगरे” अशी हाक मारली. मोठ्याने. आठ वर्षांत पहिल्यांदा.

कचेरीत अकरा काचा पोचल्या. बारावीच्या जागी यांनी लिहिलं, ‘काच उरली नव्हती.’ तिथल्या साहेबांनी दोन ओळींचं पत्र पाठवलं आणि पुढचं काम दुसऱ्या कोणाला तरी दिलं. वर्षभरात त्याने पार्वतीचं चित्र काढलं आणि ते दुकानादुकानांतून दिसायला लागलं. मी त्याला नावं ठेवायच्या इराद्याने बराच वेळ बघितलं, पण नाव ठेवायला जागा सापडली नाही. बोटं स्पष्ट, मान स्पष्ट. काच जिने कोणी पुसली असेल तिने झकास पुसली होती. यांनी ते चित्र आणून स्टुडिओत लावलं. त्याच्यासमोर उभे राहिले की यांचा चेहरा थोडा उतरतो, नाही म्हणणार नाही मी. आम्ही पुन्हा गिऱ्हाइकांना खुर्चीवर बसवू लागलो. फरक एवढाच की काचा आता दोघं मिळून पुसतो. प्रत्येक काच पुसायच्या आधी हे ती वर धरून बघतात, आणि मला उशीर होतोय म्हणून मी ओरडते.

पार्वतीच्या शेजारी आमची काच आहे, मागे काळी मखमल लावून चौकटीत बसवलेली. येणारं माणूस हमखास तिच्यापुढे थांबतं. भिंगरीचा एक हात बाजूला गेलेला आहे, मूठ घट्ट मिटलेली, आणि मुठीपुढे कोपऱ्यात काहीच नाही.

“पोरीने हात असा हवेत का धरलाय?” लोक विचारतात.

“हवेत नाही,” हे सांगतात. “आईचा हात धरलाय तिने.” आणि मग मागच्या खोलीकडे तोंड करून मला हाक मारतात, हात काळे असतील तसेच घेऊन बाहेर यायला.